ढगावर भरवसा नाही

२२ फेब्रुवारी २०१६, सोमवार

आजपासून नियमित दैनंदिनी लिहायचं ठरवलं आहे. मोठ्या कामाची नोंद ते काम करणाऱ्यानंच ठेवलेली बरी. मागाहून लोक श्रेय भलत्यालाच देतात.

नानासाहेबांच्या टँकर कंपनीत मी दिवाळीपासून ‘माहिती तंत्रज्ञान प्रमुख’ आहे. त्याआधी पुंडलिकनगरात माझा संगणकाचा क्लास होता. तालुक्यातालुक्यांतून कुठल्या गावाला किती टँकर हवेत याच्या मागण्या आम्हाला ई-मेलनं येतात. त्या बजाजनगरच्या आमच्या आवारात उघडल्या जातात आणि त्याप्रमाणे गाड्या सुटतात. म्हणजे मेल बंद पडली तर पाणी बंद पडेल. एवढी जबाबदारी कुणावर आहे, हे बायकोला, सरोजिनीला सांगितलं. ती हंड्यांवर झाकणं ठेवत होती. म्हणाली, “मग आधी आपल्या नळाला मेल करा.”

आज बैठक झाली. आमची इंजिनिअर हिमानी हुशार आहे, पण नव्या पिढीची. तिनं सुचवलं, “सगळी मेल क्लाउडवर ठेवू या. सांभाळायचा त्रासच नको.”

नानासाहेबांनी विचारलं, “क्लाउड म्हंजी ढगच ना?”

“हो.”

“ताई, ढगावर भरवसा ठेवायचा असता तर ह्यो धंदा कशाला काढला असता? मेल आपल्याच घरात पायजे.”

सगळे हसले. मग मी माझी योजना मांडली. एकच मेल तीन जागी ठेवायची: पुंडलिकनगरचं मुख्य कार्यालय, बजाजनगरचं आवार आणि कन्नड. कन्नडला नानासाहेबांच्या थोरल्या बहिणीचं, आवडाबाईंचं घर आहे आणि त्यात एक खोली रिकामी आहे. भूकंप झाला तरी तिन्ही इमारती एकदम पडणार नाहीत. नानासाहेब म्हणाले, “भूकंपाचं नंतर बघू. पण मेल आपल्याच माणसांत ऱ्हाईल, हे बेस.”

९ मार्च, बुधवार

उद्घाटन झालं. मुख्य कार्यालयातल्या सर्व्हरच्या खोलीला एसी बसवला, नारळ फोडला. टँकर कंपनीच्या माठात मात्र पाण्याचा थेंब नव्हता. शिपाई समोरच्या हॉटेलातून जग भरून घेऊन आला.

मी प्रात्यक्षिक दाखवलं. इथं एक मेल लिहिली, ती बजाजनगरला दिसली, कन्नडलाही दिसली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नानासाहेब मात्र विचारात पडले होते.

“श्रीधरराव, इथं पुसली तर?”

“तिन्हीकडची पुसली जाते, साहेब. क्षणात.”

“कुठंच ऱ्हात नाय?”

“कचरापेटी रिकामी केली की नावालाही नाही.”

त्यांनी मला ते दोनदा करून दाखवायला लावलं. मग उठून माझ्या पाठीवर थाप मारली. तंत्रज्ञानाची एवढी ओढ असलेला मालक या शहरात दुसरा नसेल.

हिमानीनं आनंदावर विरजण घातलं. म्हणाली, “सर, ही नक्कल झाली. हा बॅकअप नाही. रोजची एक प्रत काढून, वायर सोडून, बाजूला ठेवायला हवी.”

मी तिला समजावलं, की तीन प्रती असताना चौथी मागणं म्हणजे निव्वळ अंधश्रद्धा. तिनं वही मिटली. पटलं असावं.

२१ मार्च, सोमवार

आमच्या इमारतीत विचित्र प्रकार झाला. गच्चीवर दोन टाक्या आहेत. दोन्ही बाजूंच्या बिऱ्हाडांत पाण्यावरून भांडणं नकोत म्हणून मागच्या महिन्यात मीच त्या पाइपनं जोडून दिल्या होत्या. काल नळ आला, दोन्ही भरल्या. रात्रीतून एकीला तडा गेला आणि सकाळी दोन्ही कोरड्या. पुढचं पाणी कधी येईल ते महापालिकेलाच ठाऊक.

सरोजिनी तोंडाला साबण लावून उभी होती. म्हणाली, “टाक्या जोडल्या कुणी?”

मी म्हणालो, तडा जाणं हा टाकीचा दोष आहे, जोडणीचा नव्हे. हे वाक्य तिला आवडलं नाही. तिनं तांब्यात उरलेल्या पाण्यानं तोंड धुतलं आणि शाळेत शिकवायला निघून गेली.

२९ मार्च, मंगळवार

काल संध्याकाळी सरोजिनीबरोबर बीड बायपासकडे फिरायला गेलो होतो. शहर काय वाढलं आहे! कालपर्यंत ज्वारीची ताटं होती तिथं दहा-दहा मजले उभे. एका नव्या इमारतीपाशी आमच्याच कंपनीचा टँकर उभा होता. मागे लिहिलेलं, ‘दुष्काळग्रस्त गावांसाठी पिण्याचे पाणी’. पाइप लावून ताज्या स्लॅबवर पाणी मारणं चालू होतं. मला अभिमान वाटला. आमची कंपनी खेड्यांबरोबर शहराच्या विकासालाही हातभार लावते.

सरोजिनी टँकरवरची ती अक्षरं बराच वेळ वाचत उभी राहिली. तिचा चष्मा बदलायला झाला आहे.

आज नानासाहेबांनी बोलावलं. गावांना तक्रारी पाठवता याव्यात म्हणून कंत्राटातल्या अटीप्रमाणे एक वेगळा पत्ता केलेला आहे. त्याची चौकशी केली.

“तक्रारी वाचतं कोण?”

“कुणीच नाही, साहेब. पण एकूण एक तिन्ही जागी सुरक्षित आहेत.”

त्यांच्या डोळ्यांत पाणी आल्यासारखं वाटलं. भावनाप्रधान माणूस.

१२ एप्रिल, मंगळवार

हिमानी सांगत आली, “कन्नड कालपासून दिसत नाहीये.”

आवडाबाईंना फोन लावला. त्यांना सगळे अक्का म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. विचारलं, “अक्का, मशीन चालू आहे ना?”

“बंद केलंय.”

“बंद? का?”

“का म्हंजी? खोलीची पार भट्टी केली त्यानं. लाइट जाती आन् तुमची बॅटरी त्या डबड्याला वारा घालती. ते काय घाम गाळतंय का? मी बॅटरी माझ्या पंख्याला लावली.”

तो मेल सर्व्हर आहे, कंपनीचा कणा आहे, वगैरे खूप समजावलं. शेवटी म्हणाल्या, “बघू. सवड झाली की लावते.” अशा माणसांच्या घरात आपत्ती व्यवस्थापन केंद्र ठेवणं ही माझी चूक नव्हे, जागेची निवड नानासाहेबांची. त्यांना ‘तिन्ही केंद्रं ठणठणीत’ असा अहवाल देऊन टाकला. उद्यापर्यंत होतीलच.

१३ एप्रिल, बुधवार

सगळं क्रमानं लिहितो.

सोमवारी वरून पाहणीचं पथक येणार आहे, असं सकाळी कळलं. दुपारी नानासाहेब माझ्या खोलीत आले आणि खुर्चीवर बसले. म्हणाले, “मला जरा मेल साफ करायचीय. जुना कचरा फार झाला.” मालकालाही स्वच्छतेची आवड आहे म्हणून मी कौतुकानं बाजूला झालो. त्यांनी विचारलं, “एकेक कोण पुसणार? समदं एकदम कसं निवडायचं?” मी दाखवलं. “आन् कचरापेटी?” तीही दाखवली. मग त्यांनी मला चहा सांगायला बाहेर पाठवलं.

परत आलो तर ते चेहरा पाडून बसले होते. “श्रीधरराव, जरा जास्त साफ झालं वाटतं.”

सगळं गेलं होतं. तक्रारी, मागण्या, शनिवारी आलेली चालू आठवड्याची गावांची यादी, सगळं. मी धावत बजाजनगरला फोन लावला. तिकडेही सगळं कोरं. यंत्रणेनं चोख काम केलं होतं.

आवारातून पर्यवेक्षक ओरडत होता, “उद्या गाड्या कुठं पाठवू?” ड्रायव्हरांना पाठ असलेल्या रस्त्यांनी पाठवा, म्हणालो. त्यानं विचारून सांगितलं, की ड्रायव्हरांना बीड बायपास तेवढा पाठ आहे.

तहसीलातून याद्या परत मागवू, असं मी सुचवलं. नानासाहेब उसळले, “खुळे का काय? मेल उडाली म्हणून कळलं तर कंत्राट उडंल!”

हिमानी आज रजेवर आहे. मी कन्नडला सारखे फोन करतो आहे. मशीन चालू झालं की तिथून सगळं परत आणता येईल. अक्का म्हणाल्या, “लाइट नाय. उद्या सकाळी आली की लावते. आता परत फोन करू नका.” एवढी आशा आहे.

१४ एप्रिल, गुरुवार

सुट्टी असून हिमानी आली. सगळं ऐकून खाली बसली. मग म्हणाली, “कन्नड अजून बंदच आहे ना?”

“बंदच. म्हणून तर कालपासून चालू करा, चालू करा म्हणून मागे लागलोय.”

ती ताडकन उठली. “सर! चालू झालं की ते आधी आपल्याशी जुळवून घेणार. इथं काही नाही असं दिसलं की तिथलंही पुसून टाकणार. तुम्हीच तसं केलंय!”

मला ते कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा आधी खिशातला मोबाइल शोधला.

फोन लावला. अक्का उचलेनात. वीज कधी येईल ते सांगता येत नव्हतं. हिमानीनं तिची गाडी काढली. वेरूळच्या घाटात ती अशी चालवत होती, की मी डोळे मिटून फोन लावत राहिलो. रस्त्यात जागोजाग रिकामी पिंपं आणि घागरी रांगेत मांडून ठेवलेल्या. माणसं नव्हती, नुसती भांडी. दरवेळी मला वाटायचं की आपला टँकर समोरून येईल. एकही आला नाही.

कन्नडला घरात शिरलो तेव्हा वीज नुकतीच आली होती. पंखा फिरत होता. आतल्या खोलीत अक्का बटणावर बोट ठेवून उभ्या.

“थांबा!” मी ओरडलो.

“आत्ता? कालधरनं चालू कर, चालू कर म्हणून जीव खाल्ला. आन् आता थांब?”

तेवढ्यात हिमानीनं त्यांच्या हाताखालून वाकून नेटची वायर उपटली. मग म्हणाली, “आता लावा, अक्का. खुशाल लावा.”

मशीन सुरू झालं. मागण्या होत्या. शनिवारची यादी होती. तक्रारीही होत्या. मी तिथंच जमिनीवर बसलो. अक्कांनी न विचारता ताक आणून दिलं.

हिमानीनं प्रत काढायला घेतली, आणि मी वेळ घालवायला एक तक्रार उघडून पाहत होतो. अक्का म्हणाल्या, “काय ल्हिलंय? वाच की.”

मी वाचायला लागलो. हिवरखोरीच्या ग्रामसेवकाची, रामकिसन नावाच्या माणसाची मेल होती. विषय: विनंती. ‘गावात टँकर आलेला नाही.’ त्याखालची त्याचीच. विषय: विनंती. ‘टँकर आजही आलेला नाही. शाळेत प्यायला पाणी नसल्याने मुलांना घरी सोडले.’ शुद्धलेखन बरं होतं. मी तसं म्हणालोही.

“हिवरखोरी माझं सासर,” अक्का म्हणाल्या. “नाना म्हणला व्हता, अक्का, तुझ्या गावाला आधी पाणी, मग बाकीच्याला. वाच पुढं.”

पुढच्या मेलचा विषयही विनंतीच. ‘टँकर न आल्याने महिला जुन्या विहिरीत उतरून पाणी काढतात. काल चंपाबाई नावाच्या वृद्ध महिला पाय घसरून आत पडल्या. हात मोडला आहे. कृपया…’ माझ्याच्यानं पुढचं नीट वाचवेना.

“चंपा माझी जाऊ हाय,” अक्का म्हणाल्या. “मला फोनवर म्हणली, वसरीवरनं पडले.” त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “माझ्या भावाचं नाव निघू नये म्हणून म्हणली आसंल.”

त्या मेलच्या खाली अजून किती होत्या, ते मी मोजलं नाही. त्या सगळ्या मी जपून ठेवल्या होत्या. तिन्ही जागी.

यादी लगेच बजाजनगरला फोनवर सांगायला घेतली. हिमानी एकेक गाव वाचत होती, तिकडे पर्यवेक्षक लिहून घेत होता. मधेच त्यानं विचारलं, “हे गाव आपल्याकडं हाय?” असं त्यानं बऱ्याच गावांबद्दल विचारलं.

१५ एप्रिल, शुक्रवार

सकाळी प्रत घेऊन मुख्य कार्यालयात पोचलो. अक्काही आमच्याबरोबर गाडीत बसून आल्या. नुसतं “मला नानाला भेटायचंय” म्हणाल्या.

नानासाहेबांनी मला आणि हिमानीला आत घेतलं, दार लावायला गेले, तर अक्का दारात. त्या येऊन सोफ्यावर मांडी घालून बसल्या. नानासाहेबांनी आवाज खाली आणला.

“श्रीधरराव, मागण्या तेवढ्या परत आणा. तक्रारी तिकडंच ऱ्हाऊ द्या. सोमवारी पथक हाय.”

मी म्हणालो, “साहेब, तसं होत नाही. आलं तर सगळं येतं. नाही तर काहीच नाही.”

“आसं कसं?”

“तांत्रिक आहे, साहेब.”

ते हिमानीकडे वळले. “व्हय का, ताई?”

हिमानीनं माझ्याकडे पाहिलं. आजवर तिनं माझं एकही तांत्रिक विधान दुरुस्त केल्याशिवाय सोडलेलं नाही. म्हणाली, “सर म्हणतात तसंच आहे.”

नानासाहेब खिडकीशी जाऊन उभे राहिले. तेव्हा अक्का पहिल्यांदा बोलल्या. “नाना, चंपाचा हात मोडलाय.”

“मला ठाव नव्हतं, अक्का.”

“ल्हिलेलं व्हतं. तू पुसलंस.” आवाज चढवला नाही. “आता आणू दे त्येला समदं. न्हाय तर मी सोमवारी हितंच बसते, आन् ते पथकवाले आले की तोंडानं सांगते. मला सगळं पाठ हाय, ह्यानं वाचून दाखवलंय.”

नानासाहेबांनी हात हलवला. करा काय करायचं ते, असा.

दुपारपर्यंत सगळी मेल पुन्हा तिन्ही ठिकाणी होती.

आता, हे फक्त इथं लिहितो. मागण्यांचा आणि तक्रारींचा डबा वेगवेगळा असतो. एक आणायचा आणि दुसरा सोडायचा, हे अगदी सोपं काम आहे. माझ्या क्लासमध्ये पहिल्या महिन्यात शिकवत असे.

घरी सरोजिनीला सांगितलं. तिनं भाजी ढवळायची थांबवली. “तुम्ही खोटं बोललात? संगणकाबद्दल?” मी हो म्हणालो. तिनं मला ताट वाढलं आणि आज समोर बसून जेवली.

१९ एप्रिल, मंगळवार

काल पथक आलं. त्यांनी तक्रारींचा डबा उघडायला लावला आणि संध्याकाळपर्यंत वाचत बसले. कंपनीला नोटीस मिळाली. यापुढे प्रत्येक टँकरबरोबर तलाठ्याची सही घ्यायची आणि बायपासकडे गेलेली गाडी दिसली तर कंत्राट रद्द.

आम्ही सगळे मान खाली घालून उभे होतो. नानासाहेब तेवढे ताठ. बाहेर वार्ताहर जमले होते. त्यांना म्हणाले, “लोक तक्रारी फाडून फेकतात. आमी एकेक तक्रार तीन ठिकाणी जपून ठिवतो. अशी पारदर्शक कंपनी मराठवाड्यात दावा.”

३० एप्रिल, शनिवार

एका संस्थेनं नानासाहेबांचा ‘जलपारदर्शकते’साठी सत्कार केला. शाल, श्रीफळ, मानपत्र. भाषणात त्यांनी माझ्या योजनेचं तपशीलवार वर्णन केलं, माझं नाव सोडून. मी तिसऱ्या रांगेत होतो. दोनदा टाळ्या वाजवल्या.

कार्यक्रमानंतर बाजूला घेऊन म्हणाले, “श्रीधरराव, कन्नडच्या केंद्राला जाणकार माणूस पायजे. सोमवारपास्नं तुमी तिकडं.” बढती आहे का, असं विचारणार होतो. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून विचारलं नाही.

मुख्य कार्यालय हिमानीकडे आलं. तिनं आजपासूनच रोजची वेगळी प्रत काढून, वायर सोडून, कपाटात ठेवायला सुरुवात केली. मी तिला म्हणालो, ही कल्पना मला आधी सुचायला हवी होती. ती म्हणाली, “सुचवली होती, सर.”

१३ मे, शुक्रवार, कन्नड

मी अक्कांच्या आतल्या खोलीत बसतो. आठवड्याच्या शेवटी सरोजिनीकडे जातो. इथली वीज जाते तेव्हा बॅटरीवर पंखा चालवायचा की मशीन, यावर आमची रोज बोलणी होतात. दुपारी पंखा, संध्याकाळी मशीन, असं ठरलं आहे.

काल अक्का मला हिवरखोरीला घेऊन गेल्या. टँकर विहिरीत पाणी सोडत होता आणि बायकांनी कडेनं गर्दी केली होती. मी कोण हे अक्कांनी सांगितल्यावर एका म्हातारीनं मला आपादमस्तक न्याहाळलं. हात गळ्यात अडकवलेला होता. म्हणाली, “म्हंजी ते मेल तुमच्याकडंच येत व्हते?” मी हो म्हणालो. आणखी काही विचारेल म्हणून उभा राहिलो. तिनं चांगल्या हातातली घागर माझ्याकडे दिली आणि घर कुठं आहे ते हनुवटीनं दाखवलं. मी ती नेऊन ठेवली. मग दुसरी नेली. खांदा अजून दुखतो आहे.

आज सकाळी रामकिसनची मेल आली. विषय: विनंती. ‘काल टँकर आला. पाणी गढूळ आहे. पाइप गळका असल्याने बरेच पाणी वाटेत सांडते. टँकर लवकर पाठवल्यास उन्हाआधी वाटप होईल.’

उत्तर लिहायला घेतलं तेव्हा लक्षात आलं, की या पत्त्यावरून पाठवलेल्या मेलचा कप्पा पूर्ण रिकामा आहे. आधी वाटलं इथलंही काही पुसलं गेलं. हिमानीला फोन केला. ती म्हणाली, “नाही सर. तिथं कधी काही नव्हतंच.”

मग लिहिलं: ‘रामकिसन, मेल वाचली. पाइप आज बदलायला सांगतो. पाणी कुठून भरतात त्याची चौकशी करतो. चंपाबाईंचा हात कसा आहे? — श्रीधर.’

पाठवली.